मंजुरीआधीच्या दोन खोल्या

४ जानेवारी, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. कुलपाच्या कपाटात राहील, किल्ली माझ्या कमरेला. गोष्ट गुप्त आहे: शेतात पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या तर निम्मा खर्च सरकार देणार. बातमी वाचताच पेपरातलं ते पान कापून लपवलं. ही म्हणाली, अहो, पेपर घरोघरी येतो. हिला बारकावे कळत नाहीत.

७ जानेवारी
अर्ज दिला. ‘प्रकल्पाचे वेगळेपण’ या रकान्यात ‘समक्ष सांगेन’ असं लिहिलं. कारकुनाने अर्ज पूर्ण वाचला. संशयास्पद. एरवी कोण वाचतं? वर म्हणाला, पाहणी होऊन मंजुरी मिळेपर्यंत कामाला हात लावू नका. म्हणजे मी हाताची घडी घालून बसायचं आणि यांचा माणूस पुढे जाणार. मी नुसता हसलो.

त्याच दिवशी, दुपारी
बसस्टॉपवर शेजारी. बांधापलीकडचा. मी त्याला मनात दुर्बीण म्हणतो. बगलेत माझ्यासारखीच फाइल! म्हणाला, तूही अर्ज भरलास का? मिळून करू या की. मी विचारलं, कसला अर्ज? माझी फाइल तोवर शर्टाच्या आत गेली होती.

१५ जानेवारी
दुर्बीणने बांधावरून ओरडून सांगितलं, मंजुरीपत्र येईपर्यंत वीटसुद्धा रचू नकोस, आधी झालेल्या कामाला अनुदान नाही. कारकूनही तेच म्हणतो, हाही तेच. दोघं सामील आहेत, आणखी काय पुरावा हवा? ही म्हणाली, अर्जाच्या मागे छापलंय तसं. मागचं पान मी मुद्दामच वाचत नाही. माणसाला अडकवायचा मजकूर मागेच असतो.
निर्णय: पाहणीआधी खोल्या तयार. तयार वस्तू बघून कोण नाही म्हणेल?

२ फेब्रुवारी
विटा आणल्या, गवंडी लावला. साठवलेले पैसे पुरेनात, म्हणून गाय विकावी लागली. हिची लाडकी बुटकी. वासरू असताना तिची आई मेली, तेव्हा हिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. शब्द दिलाय, अनुदान आलं की आधी बुटकी परत. व्यापाऱ्याला बजावलं, गाय लांब कुठेतरी वीक, दुर्बीणला पत्ता लागता कामा नये.
ही बोलत नाही.

११ फेब्रुवारी
ही बोलायला लागली. रोज सकाळी गुणगुणत भाजी खुडायला जाते. माझ्या हुशारीवर विश्वास बसला असावा.
दुर्बीणच्या बाजूला खिडकी ठेवू नकोस म्हणून गवंड्याला ताकीद दिली. गवंडी म्हणाला, मालक, शेत त्याच बाजूला आहे. असू दे. पर्यटकांना पाण्याची टाकी दिसेल. शांत दृश्य आहे.

९ मार्च
दोन खोल्या, संडास-बाथरूमसकट तयार. कुणी बघू नये म्हणून ताडपत्रीने झाकल्या. दुर्बीणने दोन महिन्यांत काय केलं? चार खुंट्या आणि सुतळी. कीव येते.

२२ मार्च
पाहणीला बाई आल्या. ओळखपत्र दोनदा तपासलं, तोवर त्यांना उन्हात उभं ठेवलं. कुणाचा भरवसा धरावा? मग एका झटक्यात ताडपत्री ओढली. बाई थक्क! विचारलं, हे कधी बांधलं? छाती फुगवून सांगितलं, तुम्ही यायच्या आत! त्यांनी बराच वेळ लिहिलं. जनावरं कुठे आहेत? म्हटलं, एक गाय होती, खोल्यांपायी विकली. आणखी लिहिलं. दुर्बीणच्या खुंट्यांपाशी जेमतेम पाच मिनिटं थांबल्या. बिचारा.

१८ एप्रिल
नामंजूर. ‘काम मंजुरीपूर्वी पूर्ण झाल्याने अपात्र.’ खुंट्यांना मंजुरी! कट उघड झाला. वरपर्यंत जाणार. सहा पानी तक्रार लिहिली.
हिने ती वाचली नाही. मग बुटकीचं काय, एवढंच विचारलं. मी म्हणालो, बघू. तिच्याकडे बघवेना.

३ मे
तक्रार पाठवली नाही. पोस्टमास्तर दुर्बीणचा व्याही आहे.

१० मे, दुपारी
पहिले पाहुणे. नवरा, बायको, दोन पोरी. दुर्बीणने पाठवले. त्याच्या खोल्या होईपर्यंत पाहुणे आमच्याकडे, असं हिने आणि त्याने परस्पर ठरवलंय. हेतू काय असावा?
पोरींनी आल्या आल्या विचारलं, गाय कुठाय? मी टाकी दाखवली. धाकटीने भोकाड पसरलं. ही म्हणाली, चला माझ्याबरोबर, आणि सगळ्यांना घेऊन सरळ बांध ओलांडला. मी पाळतीवर मागोमाग.
दुर्बीणच्या गोठ्यात बुटकी! हिला बघून हंबरली.
व्यापाऱ्याला गाठून दुर्बीणने तिला त्याच आठवड्यात सोडवून आणली होती. हिला तेव्हाच सांगितलं. रोज सकाळी भाजी खुडायला म्हणून ही इथेच यायची. तीन महिने मी कारकुनावर नजर ठेवली, गवंड्यावर ठेवली, पोस्टमास्तरवर ठेवली. हिच्यावर ठेवायची राहिली.

१० मे, संध्याकाळी
विचारलं, मला का नाही सांगितलंस? ही म्हणाली, तुम्हाला त्यात काहीतरी डाव दिसला असता. तुम्ही तिला तिथूनही हलवली असती.
रोजनिशी कुलपात राहते म्हणून लिहितो:
हलवली असती.