पुढच्या बाकावरची झोप

प्रिय प्रेरणा,

सलाम. आधी आनंदाची बातमी! सासूबाई काल वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि पातळ दुधावरून दूधवाल्याला चांगलं झापलं. लकवा झाल्यापासून त्यांचा एवढा खणखणीत आवाज ऐकला नव्हता. मी आणि तुझे दाजी हसून हसून बेजार झालो.

मे महिन्यात मात्र मी पार मोडले होते गं. सकाळी सासूबाईंचं अंग पुसायचं, भरवायचं, मग चिक्कीच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं. लोणावळ्याची सुट्टीतली गर्दी तुला माहीतच आहे. घरी आलं की पुन्हा तेच. चर्चला जाणं सुटलं. प्रार्थनेला बसलं तर शब्द सुचत नसत. सांगायचीही लाज वाटे, कारण जो तो म्हणायचा, निर्मलाचा विश्वास केवढा!

एका रविवारी शेजारच्या धोंडाबाई आल्या. त्यांनी माझ्या हातातली पेजेची वाटी काढून घेतली. म्हणाल्या, "पोरी, तोंड बघ आरशात. जा तुज्या देवाकडं. म्हातारीला भरवायला मला येत न्हाई व्हय?"

गेले. पुढच्या बाकावर, पंख्याखाली बसले. पहिलं गीत सुरू झालं एवढंच आठवतं. जाग आली तर चर्च रिकामं! उपदेश, अर्पण, आशीर्वाद, सगळं झोपेत गेलं. डोक्याखाली कुणाचीतरी शाल होती, आणि शेजारी पाळकांच्या पत्नी अनिताबाई गवार मोडत बसल्या होत्या. मला तर रडूच आलं. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? शेवटचं गीत सगळ्यांनी हळू म्हटलं, तुझ्यासाठी. प्रभू भागलेल्यांनाच बोलावतो ना? मग आज तूच खरी आलीस. जागं राहायची अट नाही त्याची."

मग दोघी इतक्या हसलो! विश्वास टिकवायचा म्हणून मी एकटीच सगळा भार ओढत होते. मलाही कुणी सांभाळतंय, हे विसरूनच गेले होते. काम आजही तेवढंच आहे, पण भांडी घासताना गीत ओठांवर येतं. धोंडाबाई आता दर रविवारी येतात. सासूबाईंना उभं केलं तेही त्यांनीच, ओरडून ओरडून.

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, बाळ झाल्यापासून प्रार्थनाच होत नाही. देव रागावला असेल का?" तेवढ्यात बाळ रडलं, फोन बंद झाला आणि माझं उत्तर राहून गेलं. ते हे. नाही गं रागावला. आणि नुसतं लिहून मी थांबणार नाही. दुकानातून आठवड्याची रजा घेतलीय. सासूबाईंनीच हुकूम सोडला, "माझं धोंडा बघेल, तू धाकटीकडं जा." सोमवारी नगरला पोचते. बाळ माझ्याकडे दे आणि तू खुशाल पांघरूण घेऊन पड. प्रार्थना मी करीन, तुझ्या वाटचीसुद्धा.

पिशवी भरून तयार असलेली,
तुझीच
निर्मलाताई