इवानामीच्या बाजूने मान्य केलेले विधान

३ जुलै, लातूर
नात प्रज्ञा हिच्या वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीसाठी ही खोली घेतली, तेरावा महिना. ती वर्गाला गेल्यावर उशीखाली जपानी चित्रकथा सापडली, इंग्रजी भाषांतरात. आक्षेपापूर्वी ग्रंथ वाचावा, हे तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना सांगत आलो, म्हणून वाचली. निष्कर्ष आधी, कारणे नंतर. लेखकास तर्क ठाऊक नाही, असा शेरा.
संध्याकाळी प्र. लई हसली (शब्द तिचाच). "आबा, ते उजवीकडून वाचतेत!"

५ जुलै
पुन्हा, उजवीकडून. नायकापेक्षा इवानामी बरा. समुद्रतळाशी राहणारा, अर्धा मासा, पेशाने चाचा. पण निःशस्त्रावर वार नाही. एका कप्तानाने त्याचे गाव वाचवले, म्हणून बापाने या मुलाची जन्मभराची सेवा कबूल केली. पाचव्या भागात हा कप्तानापुढे उभा राहतो: मी जातो, शिक्षा सांगा.
मी म्हणालो, विश्वासघात. प्र.: "न्हाई. वाद घालू." दर रविवारी, हरेल त्याने भांडी घासायची.

१४ जुलै
दुसरा रविवार. तिचे म्हणणे: शपथ घेणाऱ्यालाच बांधते, वारसाने लागत नाही. आणि तोंडावर सांगून जाणारा फितूर नव्हे. तीन हरकती घेतल्या. एकही टिकली नाही. विधान मान्य केले. "लिहून द्या, सही करा." दिली. भांडी घासताना घरमालकीण शमीमबी: "मास्तरसाब, हारे क्या?"
हरलो. फार दिवसांनी आनंद झाला.

१६ जुलै
प्र. वर्गातून लवकर आली. बसली नाही. "आबा, मला डॉक्टर व्हायचं न्हाई. मासे शिकायचेत, समुद्रातले. शपथ तुमची हाय, माझी न्हाई." सहीचा कागद पुढे ठेवला.
शपथ माझीच. भूकंपात पत्नी सुमनला ढिगाऱ्यातून जिवंत काढली. दुपारपर्यंत डॉक्टर मिळाला नाही, ती गेली. तिच्या उशाशी बोललो होतो, घरात एक डॉक्टर करीन. मुलाला, सुधीरला, जमले नाही. त्याने ते आपल्या लेकीवर ठेवले.
विचारले, आधीच ठरवले होतेस?
"हाव."
दोन रविवार मी वाद करीत होतो. ती कबुली घेत होती. माझा तो आनंदही तिने पुराव्यात जोडला.

१७ जुलै
वही तिनेच दाखवली. पूर्वपक्ष या मथळ्याखाली माझ्या तिन्ही हरकती, मी घेण्यापूर्वी लिहिलेल्या. उत्तरांसह. पद्धत माझी.
म्हणालो, इवानामीने कप्तानाला आधी गाफील पकडले नव्हते. प्र.: "सरळ इचारलं असतं तर ऐकलं असतं का तुम्ही?"
उत्तर 'नाही' असे होते. वही मिटून तिला परत दिली.

१९ जुलै
सुधीरला फोन तिनेच केला. उद्या अहमदपूरहून येतो. मला म्हणाला, "आबा, मासे? इथं नळाला पाणी येईना! अन् तुम्ही काय करून राहिलात तिथं?" म्हणालो, ये.
प्र.: "बाबांपुढं तुम्ही बोला. कोणत्याबी बाजूनं."
मान्य केलेले विधान मागे घेता येते. कारण द्यावे लागते. तीन लिहिली, तीन खोडली. चौथ्या ओळीत सुमनचे नाव लिहिले आहे. ते अजून खोडलेले नाही.