पेटी सरकारची, पट्टा माझा

मी, पिलिप तेरेंतियोविच स्कोरिक, वय एकोणपन्नास, धंदा सुतारकी, राहणार ग्लुखा बाल्का, खेरसोन प्रांत, युक्रेन, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपण कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे.

गेल्या सप्टेंबरातल्या त्या सकाळी मी प्रार्थना केली, दाढी केली आणि मतपेटी खांद्याला लावली. ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांच्याकडे ती अठरा वर्षं मीच नेत आलो. पेटी सरकारची, पट्टा माझा. वडिलांच्या घोड्याच्या लगामातून कापलेला. त्या दिवशी मात्र मतपत्रिका रशियनांच्या होत्या आणि मागून त्यांचे दोन शिपाई चालत होते. प्रश्न एकच: रशियात सामील व्हायचं का?

१. घर आणि जर्दाळूची झाडं पत्नी ओरिस्या हिला. अर्धं छप्पर तोफेने नेलं, ते मी पुन्हा घातलं आहे.

२. रंधे, पटाशा, करवती मुलगी उस्तिना हिला. जावयाला नाहीत, तो हत्यार जागेवर ठेवत नाही.

३. मेहुणा दानिलो, आमचा गावप्रमुख, याला काही नाही. शिपायांना डिझेल त्याने पुरवलं. ते पळाल्यावर आपल्या झेंड्याखाली उभा राहून लोकशाहीवर बोलू लागला. रशियनांच्या हाती लागू नये म्हणून मी मतदारयादी पुरून वाचवली, त्याबद्दल त्याने मला दिलेलं मानपत्र त्याला परत करावं. माझ्या शवपेटीला त्याने खांदा देऊ नये.

४. आमच्या गावच्या मोत्र्याआजीच्या थडग्यावर माझ्याकडच्या ओकचा क्रूस उभारावा. त्यावर माझं नाव नको.

त्या सप्टेंबरच्या सकाळी शिपायांनी दार ठोठावलं तेव्हा तिने उघडलं नव्हतं. माझी हाक ऐकून म्हणाली, "पिलिप, तू होय रे? थांब, रुमाल बांधते डोक्याला." शिपाई अंगणात सिगारेटी ओढत राहिले. आजीला दिसत नव्हतं. तिने पट्टा चाचपला. "तुझाच आहे. मग बरोबर. यात 'नाही' कुठंय, दाखव बघू."

मी तिचं बोट 'हो' वर ठेवलं. तिने तिथेच खूण केली.

गाव म्हणतं, "बंदुकीपुढे कोणाचं काय चालतं!" देवापुढे गुडघे टेकले की मला हे म्हणवत नाही. गेल्या रविवारी तिचा नातू युखिम आघाडीवरून आला. त्याला सगळं सांगितलं.

"काका, बंदूक होती ना डोक्याला?"

"नाही रे. बंदूक दाराबाहेर होती."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "आजी मरेपर्यंत सांगायची, माझं 'नाही' पिलिपने पेटीत टाकलं."

५. पट्टा कोणासाठीही ठेवत नाही. आज सकाळी तो तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला. "तक्रार कोणाविरुद्ध?" त्याने विचारलं. मी माझं नाव सांगितलं, जबाब लिहून दिला आणि खाली सही केली.

सही: पि. ते. स्कोरिक

हे वाचून, माझ्यासमक्ष सही करणारे साक्षीदार:
१. हाव्रिलो, गावच्या चर्चचे पुरोहित
२. युखिम कोवाल, मोत्र्या कोवाल यांचा नातू

ग्लुखा बाल्का, १४ मार्च २०२३