बनाच्या लग्नाला आत्या आली नाही

कबनूर, ता. २७ नोव्हेंबर १८९९

चि. बयास पिराजीदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व खुशाल. तू ख्रिस्ती झालीस तेव्हापासून आठ वर्षं घरात तुझं नाव निघालं नाही. आता बना अडून बसली आहे. आत्यानं हळद लावल्याबिगर बोहल्यावर चढणार न्हाय म्हणते. मीही भावकीला सांगून टाकलं, माझी भैण येणारच, ज्याला जेवायचं त्यानं जेवावं. पुढल्या बुधवारी लग्न. सोमवारी गाडी धाडतो. शहरात प्लेगची, गाठीची साथ म्हणून तू बावड्याच्या माळावर झोपडीत राहतेस असं कळलं. लग्नानंतरही इथंच राहा.

माया आहेच, ती कमी समजू नये.

तुझा दादा


कसबा बावडा, ता. ३० नोव्हेंबर

ती. दादास धाकट्या बयाचा सलाम.

पत्र वाचलं आणि चुलीपुढं रडत बसले. याच बोलावण्याची वाट बघत होते. पण गाडी धाडू नकोस. शेजारच्या झोपडीत निसार कल्हईवाला तापानं पडलाय. त्याची बायको ताजबी ओली बाळंतीण, तिच्या काखेत काल गाठ आली. तिकडं कुणी फिरकत न्हाय. बाळाला मी कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजते. निघाले तर तिघं जातील, आणि साथ बनाच्या मांडवात येईल ती वेगळीच.

शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा, असं प्रभू म्हणाले. मिशनाच्या देवळात ऐकताना सोपं वाटायचं. आता भ्या वाटतं, दादा. तरी पाय निघत न्हाय.

रागावलास तरी लोभ तोडू नकोस.

तुझी बया


कबनूर, ता. ८ डिसेंबर

बयास पिराजीचा निरोप.

लग्न उरकलं. बना सारखी रस्त्याकडं बघत होती. भावकी तोंडावर हसली. परक्यांपायी तू रक्ताची माणसं सोडलीस. तुझा देव हेच शिकवतो व्हय? आता पत्र धाडू नकोस.

पिराजी


कसबा बावडा, ता. १३ डिसेंबर

रा. रा. पिराजीदादांना निसार कल्हईवाल्याचा सलाम.

मला लिहिता येत न्हाय, मिशनातल्या बाई लिहून देतात. बयाआक्का गुरुवारी गेली. मला उठून बसता यायला लागलं आणि तीच पडली. आदल्या दिवशी तापातच म्हणाली, आज माझ्या बनाचं लग्न हाय, आणि हळदीचं गाणं म्हणत राहिली. बनासाठी शिवलेली चोळी तिनं माझ्याकडून जाळून घेतली. कुणी मायेनं कबनूरला धाडली तर पोरीला बाधेल म्हणाली. तुमचं पत्र तिला माती दिल्यावर आलं. तिनं ते ऐकलं न्हाय, एवढं बरं झालं.

ताजबीची गाठ फुटली, ती वाचली. बाळ दूध पितंय. पण बाळाला मांडीवर घेतलं की ताजबी रडायला लागते. तिच्याजवळ बाईमाणूस कुणीच न्हाय, तिचं माहेर साथीत गेलं.

आम्हांवर राग असला तर तो न्याय्य हाय.

निसार


कबनूर, ता. १६ डिसेंबर

निसारभाईंस पिराजीचा रामराम.

राग तुमच्यावर न्हाय. पत्र आलं तेव्हापासून जेवण जात न्हाय. बनाला अजून सांगितलेलं न्हाय, कसं सांगू?

साथीच्या डॉक्टरांनी तुम्हाला माळावरनं सोडलं की कळवा, मी स्वतः येतो. बयाला कुठं ठेवलंय ते दाखवा. येताना ताजबीला आणि बाळाला इकडं आणीन. माळावर थंडी फार, बाळंतिणीला झेपायची न्हाय. तुम्हीही चला. घरात एक खोली रिकामी हाय. भावकी काय म्हणायचं ते म्हणू दे. एकदा भावकीचं ऐकलं आणि भैण आठ वर्षं तोडली.

लोभ धरा, असं म्हणायला मला तोंड न्हाय.

पिराजी