नासपातीला पाणी

५ डिसेंबर १९५४, रविवार
नासपातीची पाने गळत आहेत. सकाळी मोजली, एकोणीस राहिली. बुधवारी तीसच्या वर होती. ही विहिरीवरून घागर आणून बुडाशी ओतत होती. थंडीत एवढे पाणी कशाला, म्हटले. "मंग काय करू?" म्हणाली.

आमच्या शकूने हे कलम पचमढीहून आणले, मामाकडून, गेल्या साली उन्हाळ्यात. ओल्या पोत्यात गुंडाळून, सबंध वाट मांडीवर. मी स्टेशनवर घ्यायला गेलो तर ट्रंक माझ्या हातात दिली, झाड दिले नाही. घरी आल्या आल्या आईला म्हणाली, "मामाकडं मी लय खाल्ल्या, तू एकबी नाई खाल्ली. याचं पह्यलं फळ तुले."
शकूला जाऊन आज तीन महिने सहा दिवस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला गेली. पंधरा वर्षांची होती.

९ डिसेंबर
दोन पाने.

१२ डिसेंबर
झाड उघडे झाले. खांद्याइतकी काठी रोवावी तसे दिसते. आमच्या रानात सागाची पाने उन्हाळ्याच्या तोंडी झडतात, थंडीत नाही. म्हणजे हे गेलेच, असे धरून चाललो होतो. आमच्या लाकूडडेपोचा म्हातारा चौकीदार मंगरू येऊन पाहून गेला. म्हणाला, "मोहाचं झाड पान टाकल्याबिगर फूल देते का बाबूजी? टाकू द्या त्याले." ही दारात उभी राहून ऐकत होती. मंगरूला चहा दिला. बऱ्याच दिवसांनी आपणहून कोणाला काही दिले.
मामांना पत्र टाकले.

४ जानेवारी १९५५
मामांचे उत्तर. नासपाती थंडीत पाने टाकतेच, काळजी नको. पाणी कमी द्या. चार-पाच वर्षांनी फळ धरते.
हिला वाचून दाखवले. "चार-पाच" एवढेच परत म्हणाली.

१६ जानेवारी
मंगरूने बोरे आणली, टोपलीभर. हिने आळीत वाटून टाकली. एकही तोंडात घातले नाही.
शकूच्या तेरवीला बायका म्हणाल्या, एखादे फळ सोड. रीत आहे. बायका बहुधा इकडे न मिळणारे फळ सोडतात, म्हणजे सुटल्याचेही समाधान आणि अडचणही नाही. हिने सगळीच सोडली. या झाडाचे पहिले फळ हातात येईपर्यंत. तेव्हा मी मध्ये बोललो नाही.

६ फेब्रुवारी
हिच्या हिरड्यांतून रक्त येते. लपवते. चूळ भरताना पाहिले.

११ फेब्रुवारी
बैलगाडीने हिला गडचिरोलीस नेले. कठाणी नदी आता घोट्याएवढी, बैल न थांबता पार झाले. गाडी पात्रात असताना ही डोळे मिटून बसली.
दवाखान्यातले कंपाउंडर म्हणाले, रोज लिंबू द्या, आवळा द्या, मिळेल ते फळ द्या, नाहीतर दात जातील आणि पुढे आणखी काय काय. परतताना म्हटले, आवळा औषध समजून खा.
"आवळा फळच हाय."
"लिंबू?"
"तेबी."
लिंबू भाजीत पिळावे का, असे मनात आले. पण ते तिला न कळता करावे लागेल. नाही केले.

२७ फेब्रुवारी
नासपातीला शेंड्याकडे पालवी. मोजकी. फूल नाही. ही रोज जाऊन फांदीच्या एकेका डोळ्याशी डोळा लावून पाहते. परवा म्हणाली, "हे फूल नाई का?" पान होते.

२० मार्च
डेपोत लिलावाची गडबड. लठ्ठे मोजून हात भरून आले. घरी आलो तर ही झाडापाशी बसलेली. चेहरा लहान झाला आहे. आंबील आणि भात, तेही माझ्यासाठी वाढताना चार घास.

१० एप्रिल
नवे हेडक्लार्क गणपतराव घरी आले. काटोलकडचे, घरची संत्र्याची बाग. झाड पाहून हसले. "बाबूजी, लाडानं बिघडवलं तुमी हे. झाड म्हंजे सरकारी नोकर. नोकरी जाते म्हटलं का कामाले लागते!"
त्यांच्याकडे संत्र्याला ताण देतात. पाणी बंद. बुडाची माती काढून मुळ्या उन्हात उघड्या. पाने कोमेजली की भ्यायचे नाही. पंचवीस दिवसांनी खत-माती, मग पाणी. आता मरतो या भीतीने झाड फुलते.
मी विचारले, नासपातीला चालेल का?
"झाड ते झाड. आमच्या बापानं ताण देल्ल्याबिगर एक हंगाम नाई काढला."
मामांना विचारावे, असे वाटले. पण पत्र जाऊन येईपर्यंत ताणाचे दिवस निघून जातील. आणि मामा चार-पाच वर्षेच म्हणणार. हिच्याजवळ तेवढी नाहीत, असे वाटते. हे लिहून खोडणार होतो.

१७ एप्रिल, रविवार
मुळ्या उघड्या केल्या. कुदळ लागू नये म्हणून शेवटी हातानेच माती काढली. करंगळीएवढ्या मुळ्या, आतून पांढऱ्या. ही घागर घेऊन आली.
"पानी?"
"पंचवीस दिवस नाही."
उभी राहिली. मग घागर तुळशीत रिकामी करून आत गेली.

२० एप्रिल
दुपारी पाने लोंबतात, सकाळी पुन्हा उभी राहतात.

२४ एप्रिल
आज सकाळीही उभी राहिली नाहीत. ग.राव येऊन पाहून गेले. "वा! असंच पायजे. आता हात लावू नोका." पाठीवर थाप मारली.

२६ एप्रिल
जेवताना ही म्हणाली, "तिलेई नाईच देल्लं."
मला लगेच कळले. घास तसाच राहिला.
वहीत हे आजवर लिहिले नाही. शकूला ताप चढला तेव्हा कठाणीला पूर, पार नेणारा डोंगा बंद. पलीकडे गडचिरोली दिसत नाही, पण आहे हे माहीत. आरमोरीच्या वाटेवरचा नालाही भरलेला. गावातले वैदबुवा म्हणाले, तापात पाणी म्हणजे विष, तीन दिवस घोटभरही नको. शकू मागत होती. "बाबा, थोडसंच." ही दोनदा तांब्या घेऊन उठली. मी दोनदा नाही म्हटले. मग तांब्या उचलून वरच्या फळीवर ठेवला, हिचा हात पोचणार नाही असा. शकू त्या फळीकडे पाहत होती.
नंतर गडचिरोलीचे कंपाउंडर म्हणाले, अशा तापात पाणी जितके देता येईल तितके द्यायचे असते. सहज म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हते.

२८ एप्रिल
डेपोची किल्ली घरी राहिली म्हणून दुपारी आलो. झाडाचे आळे ओले. ही विहिरीवर भांडी घासत होती, भांडी आधीच घासलेली होती. लुगड्याच्या काठाला चिखल. मी किल्ली घेतली आणि गेलो.

२९ एप्रिल
डेपोत जाताना घागर भरून विहिरीच्या कठड्यावर ठेवली.

३० एप्रिल
परत आलो तेव्हा घागर रिकामी, पालथी घालून ठेवलेली.

१ मे, रविवार
ग.रावांनी मातीत बोट घातले. "हे काय? ताण मोडला! कोनं पानी घातलं?"
"मी," म्हटले.
"तुमाले नाई जमनार बाबूजी. आता हे ना इकडचं ना तिकडचं." रागावले नाहीत, वाईट वाटले त्यांना. ही दारामागे होती.
दुपारी मुळ्या बुजवल्या. हिने माती दाबली, मी पाणी ओतले.

९ मे
पाने सगळी तपकिरी. पण गळत नाहीत. हे बरे नाही. पाने टाकणारे झाड जिवंत असते. वाळलेली पाने धरून ठेवणारे नसते. हे मला मंगरूला विचारावे लागत नाही.

२२ मे
आळीतून आंबे आले. हिने पाटी तशीच शेजारी दिली. शेजारची म्हणाली, "वैनी, एक फोड तरी." ही म्हणाली, "पोट भरलं हाय."
समोरचा खालचा एक दात हलतो. मला दाखवला, लहान मुलीसारखा जिभेने हलवून. हसली. मला हसता आले नाही.

२९ मे
ही नदीवर गेली असताना नखाने साल खरवडून पाहिली. शेंड्याला तपकिरी. मध्ये तपकिरी. कलम बांधले होते तिथे गाठ आहे, वीतभर उंचीवर. त्या जोडापर्यंत तपकिरी. जोडाच्या खाली हिरवी.
हिला सांगितले नाही. खरवडल्या जागी माती चोळून ठेवली.

१९ जून
पाऊस लागला. धानाच्या पेरणीला माणसे गावाबाहेर. डेपो चिखलात, गाड्या रुतल्या. झाडाकडे गेलो नाही.

३ जुलै, रविवार
हिने अंगणातून हाक मारली. अशी हाक वर्षभरात ऐकली नव्हती. "अजी, या ना इकडं! लवकर या!"
बुडाशी चार फुटवे. हिरवेगार, बोटभर. ही चिखलात गुडघे टेकून बसलेली. "पाहा म्या म्हटलं नव्हतं? तहान लागली होती तिले. पानी देल्लं आन आली."
पाहिले. चारही जोडाच्या खालून आलेले.

५ जुलै
मामांना पत्र. डोंगा चालू आहे तोवर टाकलेले बरे.

१० जुलै
फुटवे वीतभर. पाने वेगळी, कडेला कातरलेली. शकूच्या झाडाची तशी नव्हती, गोल होती. देठापाशी बारीक काटे. हिच्या लक्षात आले का ते कळत नाही. काल दोन भाकरी खाल्ल्या. भाजीही मागून घेतली.

१३ जुलै
"तुमी तेव्हा गणपतरावाले मी म्हनून काऊन सांगितलं?" असे हिने आज विचारले. अडीच महिन्यांनी.
म्हटले, घागर मीच भरली होती.
मग म्हणाली, "फळीवरचा तांब्या मले स्टुलावर चढून काढता आला असता. मीबी नाई काढला."


२१ जुलै
डाकवाला डोंग्याने आला. उद्यापासून येणार नाही म्हणतो, पाणी चढते आहे. मामांचे पत्र.
लिहितात: ताण हा संत्र्याचा प्रकार, नासपातीला कोणी सांगितला? कलम दोन झाडांचे असते. वरचे गोड, खालचा खुंट रानटी. जोडाखालून फुटले ते रानटी. त्याला बोराएवढी, घट्ट, तुरट फळे येतात, माणूस खात नाही. वरच्या भागात जीव असेल तर खालचे फुटवे तात्काळ कापा. नसेल तर सगळेच काढा. थंडीत नवे कलम पाठवतो. शकूने नेले त्याच झाडाचे देता आले असते, पण ते झाड यंदा बागवाल्याने काढले. दुसऱ्याचे पाठवतो.
ही भात कांडत होती. "काय लिहिलं दादानं?"
म्हटले, सगळे खुशाल आहेत.
"झाडाचं?"
"थंडीत लिहितो म्हणतात."
खोटे पूर्ण नव्हते.

२२ जुलै
कठाणी भरली. आता महिनाभर ना डाक, ना दवाखाना. हिचा तो दात पडला. पदराच्या टोकाला बांधून ठेवला आहे.
मंगरूला फुटवे दाखवले. त्याने काट्यांवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिले. "बाईले माईत हाय?" मी मान हलवली, नाही. तो म्हणाला, "जंगलातलं हाय हे. मरत नाई." मग बिडी पेटवून निघून गेला. यातून त्याला मला काय सांगायचे होते, कळले नाही.
ही त्या पहिल्या फळाची आशा धरून बसली आहे, आणि येणार ते असे. आज सांगितले तर ती पुन्हा जेवायची थांबेल. नाही सांगितले तर दोन-चार वर्षे फळाशिवाय, आणि शेवटी तुरट. रानटी असले तरी पहिले फळ पहिलेच ना, असे ती म्हणेल का? विचारल्याशिवाय कसे कळणार. आणि विचारणे म्हणजे सांगणेच.

२४ जुलै, रविवार
पाऊस थोडा उघडला. चाकूला धार लावली. ठरवले होते, आधी सांगायचे, मग तिच्यासमोर कापायचे. पत्र खिशात ठेवले.
अंगणात गेलो तर ती आधीच तिथे. वाळलेल्या जुन्या खोडाला टेकू समजून चारही फुटवे त्याला सुतळीने बांधत होती. माझ्याकडे वर पाहून म्हणाली, "काटे आले तिले, पाह्यले का? बरं झालं. आता बकऱ्या तोंड घालनार नाई."
मी म्हटले, "ऐक."
"बोला ना." सुतळी दातांनी तोडायला गेली. समोरचा दात नाही, तोडता येईना. हसली. "द्या इकडं तो चाकू."
दिला.
तिने सुतळी कापली. दुसरी कापली. चार गाठी मारल्या. चाकू पदराला पुसून कमरेला खोचला आणि पाण्याची घागर आणायला विहिरीवर गेली.
पत्र या वहीत ठेवले आहे. चाकू तिच्याकडेच आहे.