बेड नंबर सातचा हर्निया

२ फेब्रुवारी
सर्जरीच्या क्लार्कचा फोन. फायनल इयरची प्रॅक्टिकल अठरापासून. म्हणाला, काका, याल ना? याल ना म्हणजे काय! सहावं वर्ष आहे माझं. त्या कॉलेजात प्रोफेसर आले आणि गेले, मी आहे.

माझा हर्निया उजव्या जांघेत. उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की आत. इतका शिस्तीचा हर्निया परीक्षेला मिळत नाही, असं स्वतः मोठे सर म्हणतात. (मोठे सर म्हणजे सर्जरीचे हेड.) पोरं येतात, तपासतात, काय झालंय ते ओळखतात, परीक्षक मार्क देतात. परीक्षा आपण घेतो असं परीक्षकांना वाटतं. वाटू दे. मी एकतीस वर्षं ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा घेतलीय. शंभरात साठ नापास. घाबरलेला माणूस मला त्याने दार उघडायच्या आत कळतो.

या वर्षीचा संकल्प: दयामाया नाही.

ही म्हणाली, त्यापेक्षा या वर्षी ऑपरेशन उरकून घ्या. हिला शिक्षणाबद्दल आस्था नाही.

५ फेब्रुवारी
ओपीडीत गेलो. मोठे सर म्हणाले, काका, लिंबाचं संत्रं झालंय. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, आता थांबू नका. म्हणालो, परीक्षा झाली की लगेच. ते म्हणाले, गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतात. म्हणालो, ती गेल्या वर्षीची परीक्षा होती. त्यांनी गाठ दाबून ठेवणारा कमरेचा पट्टा दिला.

मग सरावासाठी एक विद्यार्थिनी पाठवली. हात बर्फाचे. हात लावला की सॉरी, उचलला की सॉरी. अकरा वेळा. नाव ठेवलं सॉरीबाई. तिला तोंडावर सांगितलं, तू नापास होणार. ती म्हणाली, हो काका, मलाही तसंच वाटतंय. असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

८ फेब्रुवारी
तयारी सुरू. सरांनी दिलेला पट्टा कपाटात टाकला. पट्ट्याने गाठ दबून राहिली तर पोरांनी बघायचं काय? रोज चार मजले सकाळी, चार संध्याकाळी. गाठीला आकार येतोय.

उत्तरांचाही सराव हवा. खोकला आहे का, शौचाला साफ होते का, लघवीला जोर लावावा लागतो का, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजेत. विसरला की मी आपण होऊन तोंड उघडणार नाही. हिला म्हटलं, तू विद्यार्थी हो. हिने विचारलं, साफ होते का? म्हणालो, उत्तम. ही म्हणाली, खोटं, रोज सकाळी बाथरूमचं दार वाजवून माझे हात दुखतात. सराव बंद केला. विद्यार्थ्याने पेशंटशी हुज्जत घालायची नसते.

१४ फेब्रुवारी, दुपारी
आडवा झालो तर गाठ आत जाईना. पाय भिंतीला लावून पाऊण तास पडून राहिलो. गेली. हिला सांगितलं, पाठ आखडलीय.

सरांना कळवण्यासारखं काही नाही.

१८ फेब्रुवारी
पहिला दिवस. हिरवे पडदे, मी बेड सात. बेड आठवर या वर्षी बालरोगवाल्यांची केस. त्यांच्या वॉर्डाला रंग लावतायत म्हणून आमच्या हॉलमध्ये घुसले. नऊ वर्षांची मुलगी, एवढीशी, सगळे तिला बारकी म्हणतात. सोबत आई. मुलीला रक्ताचा आजार आहे. त्यात पोटातली प्लीहा, म्हणजे ते स्प्लीन म्हणतात ते, फुगून बेंबीपर्यंत आलीय. परीक्षकसुद्धा तिच्याकडेच. एकाने हातमोज्यात हवा भरून तिला फुगा करून दिला. सहा वर्षांत मला कोणी फुगा दिलेला नाही. नको आहे, पण दिलेला नाही.

पहिला उमेदवार उंच, सेंट मारलेला. मला उभंच केलं नाही! हर्निया बघायला आला आणि पेशंट झोपवून ठेवला. आरशात न बघता गाडी मागे घेणाऱ्यातला. माझ्या वहीत शून्य. परीक्षक त्याच्याशी हसून बोलत होते. ओळखीचा असणार.

आणि ही बारकी काय करते? तपासायला आलेल्या पोरांना हळूच सांगते, दादा, तिथून नको, उजवीकडून खालून वर या, नाहीतर कड हाताला लागत नाही. उघड उघड कॉपी. सिस्टरकडे तक्रार केली. सिस्टर म्हणाल्या, काका, ती नऊ वर्षांची आहे. म्हणालो, म्हणूनच आत्ताच आळा घाला.

१९ फेब्रुवारी
लेखी तक्रार दिली. दोन पानं. सिस्टरनी त्यावर चहाचा कप ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत बारकी स्वतःच माझ्या बेडपाशी. म्हणाली, आजोबा, जाड चष्म्याच्या दादाला तुम्ही सांगितलंत गाठ लहानपणापासून आहे, आणि माझ्या आईला म्हणालात सात वर्षं झाली. खरं काय? मी समजावलं की उमेदवाराला थोडं हलवून बघावं लागतं. मी तर उजवीकडे वळा म्हणायचो आणि बोट डावीकडे दाखवायचो. ती म्हणाली, मग लोक कुठे वळायचे? म्हणालो, परत घरी.

ती हसली नाही. तिची प्लीहा पुढच्या महिन्यात काढणार आहेत. म्हणजे मग सारखं रक्त चढवायला नको. मी केस राहणार नाही, मी पोहायला जाणार, म्हणाली. वर तोंड करून विचारते, तुमचं का नाही काढत? घाबरता? तिची आई तिला रागावली. म्हणालो, मला वेळ नसतो.

घाबरण्याचा संबंधच नाही. माझे वडील अशाच एका साध्या ऑपरेशनला आत गेले आणि त्यांची भूल उतरलीच नाही, पण तो काळ वेगळा होता. त्याचा इथे काही संबंध नाही. उगीच लिहिलं.

२० फेब्रुवारी
आज परीक्षा नाही. जिने आठ मजले. उद्या बाहेरगावचे परीक्षक येणार. माझा सर्वोत्तम दिवस ठरणार असं दिसतंय.

२१ फेब्रुवारी
सकाळी ६.४०. गाठ आत जात नाही. टणक. चांगलंच आहे, लांबूनही दिसेल.

७.३०. चहा उलटून पडला. गॅसेस. नळ सोडून ठेवला होता, हिला ऐकू आलं नाही.

९.५०. बेड सात. दुखतंय असं नाही, जाणवतंय. एकदा बेसिनपर्यंत जाऊन आलो. बारकी बघत होती. मी डोळे वटारले.

१०.१५. चिठ्ठीत माझ्या वाट्याला कोण आलं? सॉरीबाई! चेहरा पांढराफटक पडलाय तिचा. आता बघतोच.

२४ फेब्रुवारी
डाव्या हाताला सलाईन. घडलं ते क्रमाने लिहितो. चौकशी झाली तर लागेल.

सॉरीबाईने विचारलं, गाठ आत जाते का? म्हणालो, जाते. तिने आडवं व्हायला सांगितलं, झालो. गेली नाही. तिने हात लावला. मी ओरडलो नाही, फक्त पलंगाचा दांडा धरला. ती सॉरी म्हणाली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. विचारलं, काका, उलटी झाली? म्हणालो, नाही. पडद्यापलीकडून बारकी ओरडली, झाली! बेसिनमध्ये! हिरवी!

सॉरीबाई पडदा सारून पळाली. परीक्षक म्हणाले, तुला अजून वीस मिनिटं आहेत, केस नीट मांड. ती म्हणाली, सर, मांडते नंतर, आतडं अडकलंय, आधी ह्यांना ऑपरेशनला घ्या. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, पेशंट तर सांगतोय काही होत नाही. ती म्हणाली, सर, ते खोटं बोलतायत.

एकतीस वर्षांत एकाही उमेदवाराची मला असं बोलायची हिंमत झाली नव्हती.

मोठे सर आले. एकदाच हात लावला आणि स्ट्रेचर मागवलं. सहीचा कागद आला. म्हणालो, विचार करून सांगतो. त्यांनी घरी फोन केला. ही धापा टाकत आली. वाटलं आता सगळ्यांसमोर तोंडसुख घेणार. नाही घेतलं. माझ्या बोटांत पेन धरवलं आणि कानाशी म्हणाली, मामंजींचं मला माहीत आहे, सही करा, मी दारात बसून राहते. सही केली. अक्षर माझं वाटत नाही.

भुलीच्या डॉक्टरला विचारलं, उतरते ना नक्की? म्हणाला, उतरते. हेच आणखी दोनदा विचारलं. त्याला ऐकू कमी येत असावं म्हणून.

मोठे सर म्हणतात, आतड्याचा तुकडा काळानिळा पडला होता. गरम ओल्या कापडात धरून ठेवला तेव्हा रंग परतला. आणखी दोन तास गेले असते तर कापावा लागला असता. म्हणजे मी मुदतीच्या आतच होतो.

भूल उतरली. याची नोंद असावी.

२७ फेब्रुवारी
सॉरीबाई बघायला आली. पास झालीय. केस न मांडताच पास केलं. नियमाबाहेरचं आहे. ती गेल्यावर पत्र लिहायला घेतलं: उमेदवाराने वेळ संपण्यापूर्वी जागा सोडली. हे खरं आहे. पुढचं वाक्य अर्धा तास सुचलं नाही. हिने मोसंब्याच्या साली गुंडाळायला कागद मागितला. दिला.

२ एप्रिल
टाके सुटूनही बरेच दिवस झाले. आज तपासणीला गेलो तेव्हा सिस्टरनी निरोप दिला. बारकीचं ऑपरेशन नीट झालं, घरी गेली. आजोबांना सांगा, मी आता केस नाही, असं म्हणाली. आगाऊ कार्टी.

ही सकाळी फिरायला चला म्हणते. जिने मात्र चढू देत नाही.

४ ऑगस्ट
नापास पोरांची परीक्षा या महिन्यात असते. फोन आला नाही. लाइन खराब असेल म्हणून मीच केला. क्लार्क म्हणाला, काका, तुमचं तर झालं ना ऑपरेशन? म्हणालो, झालं, पण व्रण बघण्यासारखा आहे. तो म्हणाला, व्रणात ओळखायचं काय, दिसतोच की. बेड सातसाठी एक सुतार मिळालाय म्हणे. हर्निया लिंबाएवढा. लिंबाएवढा! असल्यावर पोरं काय शिकणार?

६ ऑगस्ट
निराश व्हायचं कारण नाही. सर्जरी म्हणजे काही सगळं हॉस्पिटल नव्हे. डोळे आहेत, कान आहेत, छाती आहे. या वयात काहीतरी सापडणारच. उद्यापासून एकेका खात्यात जायचं.

हिला सांगितलं, बँकेत काम आहे.

१२ ऑगस्ट
डोळ्यांवाल्यांनी चष्म्याचा नंबरसुद्धा बदलला नाही. कानवाला म्हणाला, उत्तम, तिशीतल्या माणसासारखे. त्वचेवाल्या बाईंनी बघायलाच नकार दिला, म्हणाल्या खाज सुटली की या.

शेवटी छातीची ओपीडी. एका पोराने पुढून ऐकलं, मागून ऐकलं, परत पुढून. इतका वेळ लावला की मला आशा वाटली. मग म्हणाला, काका, काहीच नाही. म्हणालो, नीट ऐक. त्याने बिचाऱ्याने पुन्हा सगळं ऐकलं. म्हणाला, खरंच काही नाही. शर्ट घाला काका, मागे रांग आहे.

शर्ट घातला.