तुझी गाडी आणि मच्छिंद्रचा फिल्टर

घोडेगाव, ता. नेवासा
गुरुवार

चि. विद्याधर यास घोडेगावहून शामकांतचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत उत्तम असेल अशी आशा आहे. (ही आशा अगदी मनापासूनची आहे, नुसती पत्रातली नव्हे.) यापुढे इकडील सर्व क्षेम असं लिहायचा प्रघात आहे, पण चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला, उत्तर चूक आहे हे माहीत असताना ते लिहवत नाही. इकडे क्षेम नाही. तुझी बहीण कालच दवाखान्यातून घरी आली, आणि तुझी गाडी वारली. फोन केला असता, पण फोनवर तू दोन मिनिटांत ‘असू द्या हो भाऊजी’ म्हणून मोकळा होतोस आणि प्रेमला शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करते. म्हणून पत्र लिहितो आहे.

तू पुण्यात नवी गाडी घेतलीस आणि जुनी आम्हाला दिलीस, तेव्हा बजावलं होतंस की ऑइल आणि ऑइल फिल्टर वेळेवर बदला, आणि फिल्टर तिच्याच नंबरचा घाला. दोन वर्षं त्या गाडीने सोमवार, बुधवार, शुक्रवार प्रेमलाला नगरला डायलिसिससाठी नेलं-आणलं. एस.टी.चा प्रवास तिला आता झेपत नाही. गाडी गॅरेजला टाकावी तर गॅरेजवाला दोन दिवस ठेवून घेतो, आणि आमच्या आठवड्यात सलग दोन मोकळे दिवस म्हणजे फक्त शनिवार-रविवार, तेव्हा त्याच्याकडे हमखास लग्न असतं. (त्याचं नव्हे, नात्यातलं. याचं गोत फार मोठं आहे.) इकडे डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकावर चार-चार तास बसून मी मोबाईलवर गाडी दुरुस्तीचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की ऑइल बदलणं मला दाढी करण्याइतकं सोपं वाटायला लागलं. तळाचा बोल्ट काढून जुनं ऑइल सोडायचं, जुना फिल्टर फिरवून काढायचा, नवा हाताने आवळायचा आणि वरून नवं ऑइल ओतायचं. प्रेमला म्हणाली, दाढी करतानाही तुम्ही कापून घेताच.

फिल्टर आणायला मच्छिंद्रच्या दुकानात गेलो. मच्छिंद्र हा माझा सातवी ‘ब’मधला विद्यार्थी, आता बाजारतळाजवळ त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच्या प्रत्येक गणिताचं उत्तर ‘जवळपास’ यायचं आणि मी त्याचा कान पिळून सांगायचो, की गणितात जवळपास नावाचं काही नसतं. त्याने भर गिऱ्हाइकांत माझे पाय धरले, कुणाला तरी उठवून मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि आपण आज जे काही आहोत ते या सरांमुळे, असं सगळ्यांना ऐकवलं. (तो जे काही आहे ते पुढे येईलच.) पैसे तर घेईचना. मग मी पिशवीतून आणलेला जुना फिल्टर त्याने हातात घेतला, मागच्या फळीवरच्या खोक्यातून एक नवा काढला, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हणाला, “सर, ह्योच. आटं बसलं म्हंजी झालं, नंबर कोन बघतंय?” आमच्याकडे फिल्टर असाच घेतात, चप्पल घेतात तसा. घरी येऊन लावला, फिरवला तसे आटे नीट बसले. उंची जरा जास्त होती आणि तोंडाशी असलेली रबराची चकती नखभर लहान होती, एवढंच. गाडी सुरू करून खाली वाकून पाहिलं, एक थेंब नाही. मला इतका अभिमान वाटला, की ऑइलने माखलेले हात प्रेमलाच्या पातळाला लागेपर्यंत मी तिला त्याबद्दल सांगत होतो.

गेल्या शुक्रवारी सकाळी आठला निघालो. साडेनऊला तिला मशीनवर घेतात. पांढरीपूल ओलांडला आणि समोर लाल दिवा लागला, तेलाच्या बुधलीचं चित्र असतं तो. प्रेमला म्हणाली, अहो, दिवा लागलाय. मी म्हणालो, सेन्सर असेल. (हा शब्द व्हिडिओतला.) थोड्या वेळाने ती म्हणाली, मागे रस्त्यावर काळी रेघ दिसतेय. मी म्हणालो, आधीचीच असेल. थांबायला हवं होतं, पण उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात, हे एकच डोक्यात होतं. इमामपूरच्या घाटात डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज झाला आणि इंजिन जाम झालं, ते कायमचं. उतरून पाहिलं तर ती चकती दाबाने बाहेर फेकली गेली होती आणि सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं होतं. ती रेघ इतकी सरळ होती, की फळ्यावर पट्टी लावूनही मला तशी कधी काढता आली नाही. प्रेमला दाराला टेकून उभी होती. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, आणि पुनःपुन्हा घड्याळ बघत होती.

दोन बसना हात केला, घाटात कुठली थांबते? मोटारवाले काळ्या हाताच्या माणसाला पाहून वेग वाढवत होते. शेवटी एक पिकअप थांबली. शुक्रवार म्हणजे आमचा जनावरांच्या बाजाराचा दिवस, पहाटेच सौदा उरकून बिभीषण नावाचा एक भला माणूस म्हैस घेऊन नगरकडे निघाला होता. तो म्हणाला, “मास्तर, बाईंना फुडं बसवा, तुमी मागं म्हशीपाशी. लई गरीब हाय, कायबी करायची न्हाई.” म्हैस खरोखरच गरीब होती. प्रत्येक वळणाला ती माझ्यावर रेलायची आणि सरळ रस्ता आला की बाकीचे विधी उरकायची. पुढे प्रेमला बिभीषणला म्हशीला पेंड कुठली चांगली ते विचारत होती. (आपण म्हैस कधी पाळली होती?) सेंटरवर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. रखवालदाराने तिला आत सोडलं आणि मला नळावर पाठवलं.

मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. ते रिकामं झाल्यावर नंतरच्या पाळीतल्या पेशंटच्या वेळेतून तिला चारऐवजी दोनच तास मिळाले. शनिवारी सकाळी तिला आडवं झालं की श्वास घेता येईना. अंगातलं पाणी फुप्फुसात चढलं होतं. ॲम्ब्युलन्सने पुन्हा नगर, आणि मग पाच दिवस तिथेच. तोंडाला मास्क लावलेला, ती माझ्याकडे बघत होती आणि मी उशाशी बसून नखांतलं काळं ऑइल कोरत होतो. विद्याधर, मी तिला मारलीच होती. हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत मला लिहिता येत नाही. तिसऱ्या दिवशी मच्छिंद्र आला, माझ्या गळ्यात पडून रडला आणि योग्य नंबरचा फिल्टर खोक्यासकट माझ्या हातात ठेवला. सिस्टरला वाटलं पेशंटच्या मशीनचं काही सामान आलंय, तिने तो नोंद करून ठेवून घेतला. उद्याच्या फेरीला मच्छिंद्र स्वतःची गाडी घेऊन येणार आहे. आठला येतो म्हणालाय, म्हणजे जवळपास आठला.

गाडीबद्दल मला क्षमा कर. सौ.ला आशीर्वाद सांग.

तुझा,
शामकांत

ता.क. गाडी अजून तुझ्याच नावावर आहे. भंगारात द्यायची तर तुझी सही लागेल, तेव्हा एकदा येऊन जा.

आणखी एक ता.क. वर सगळं मच्छिंद्रवर ढकललं आहे, ते खरं नाही. गाडीच्या पुस्तकातला नंबर मी चिठ्ठीवर उतरवून नेला होता. खोक्यावरचा नंबर मी वाचला. शेवटचे दोन आकडे वेगळे होते. पण त्याने चारचौघांत पाय धरले होते, खुर्ची दिली होती, त्याला चूक म्हणायची मला भीड पडली आणि चिठ्ठी खिशातच राहिली. हे प्रेमलालाही सांगितलेलं नाही.

शेवटचा ता.क. आता भीड धरत नाही. डॉक्टर म्हणतात, तिचं शरीर असं फार दिवस काढणार नाही, किडनी बसवावी लागेल, आणि ती जवळच्या नात्यातली हवी. मी माझी द्यायला गेलो होतो, डायबेटिस आहे म्हणून परत पाठवलं. आम्हाला मूल नाही. तिला तू एकटाच भाऊ आहेस. ‘त्याला त्याचा संसार आहे, त्याला विचारायचं नाही’ अशी तिने मला शपथ घातली आहे, ती मी इथे मोडतो. तुझी गाडी मारली आणि वर हे मागतो आहे, हे मला कळतं. नाही म्हणालास तर मी समजेन, फक्त ‘बघू’ म्हणू नकोस. तपासणीला तयार असशील तर रविवारी संध्याकाळी ये. तिला सांगेन, सहीसाठी आलाय. सोमवारी सकाळी रक्ततपासणीसाठी मी तुला आमच्या घरातून उपाशीपोटी बाहेर काढणार आहे, ती विचारेल का, तर काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुला काही सुचलं तर कळव.